हौशी असल्याचा दाखला

२ ऑक्टोबर १९३८, रविवार

झाली एकदाची माझी गोल्फ मंडळाची चिटणीसगिरी सुरू! मेजरसाहेबांची बदली क्वेट्ट्याला. जाताना त्यांनी एक पत्र्याची पेटी, दोन फायली आणि शिक्का माझ्या टेबलावर ठेवला. हसून म्हणाले, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. खरंच आहे ते. सतरा वर्षं हायस्कुलात व्याकरण शिकवतोय, फुकट नाही.

पेटी पाहून वासंती म्हणाली, "चेंडू भोकात घालायला मंडळ कशाला लागतं?" तिला सांगितलं, चेंडू घालायला नाही लागत, कुणी कसा घातला ते बघायला लागतं. हौशी खेळाडूंचे नियम कलकत्त्याचं मध्यवर्ती मंडळ करतं. पण कलकत्त्याला बेळगाव थोडंच दिसतं? कोण किती फटक्यांत खेळतो, कुठलं मैदान किती यार्डांचं, कोण खरा हौशी आणि कोण पोटासाठी खेळतो – हे सगळं आमच्यासारख्या विभागीय मंडळांनी बघून कळवायचं. ते आमच्या कागदावर चालतात. "म्हणजे तुम्ही तलाठी," ती म्हणाली. रागच आला. मग वाटलं, बरोबरच बोलली.

मंडळ काय, आम्ही तिघे. अध्यक्ष मार्तंडराव वकील, एक कर्नल, आणि मी. मला स्वतःला खेळता येत नाही. पंधरा यार्डांवरून चेंडू हुकतो.

५ ऑक्टोबर

निवृत्त जज्जसाहेबांची जुनी कार्डं तपासली. तीन वर्षं मुद्दाम वाईट खेळून, कच्च्या खेळाडूला मिळणारे सवलतीचे फटके वाढवून घेतलेत! सहा फटके कापले. आज रस्त्यात भेटले, नमस्कार केला नाही. न करोत.

९ ऑक्टोबर, रविवार

कॅम्पातल्या मैदानावर निवडीचे सामने. अकरा जण आले. नऊ जण इंग्रज, एक सांगलीकडचे सरदार आणि एक जिनपाल.

हा जिनपाल कोण, हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. निपाणीपलीकडच्या एका गावातला जैन शेतकऱ्याचा मुलगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. तंबाखूच्या कंपनीच्या साहेबानं वखारीमागच्या माळावर चार भोकं पाडली आहेत. साहेबाला जोडीला कुणी नव्हतं, यांची तंबाखू त्या वखारीत जाते, त्यातून ओळख. पूर्वी तालमीत होता म्हणे. मान अशी की सदऱ्याची गुंडी लागत नाही. पायात वहाणा! कर्नलनं भुवई उंचावली, पण वहाणांविरुद्ध नियम नाही. मी पुस्तक काढून दाखवलं.

आणि मग खेळला. अरे काय खेळला! आमच्याकडे भोकाभोवती हिरवळ कुठली, तेल मारलेली वाळू. त्यावर चेंडू सरकवायचा म्हणजे भल्याभल्यांचा हात थरथरतो. हा खाली वाकायचा, एकदा बघायचा, टक्क. मी कार्ड लिहीत होतो आणि प्रत्येक आकडा दोनदा पडताळत होतो. अठरा भोकं, बहात्तर फटके. कर्नलला सात जास्त लागले, एकोणऐंशी.

संपल्यावर म्हणाला, "मास्तर, कलकत्त्याला पाठवशीला न्हवं?" मी म्हटलं, नियमात बसत असलास तर का नाही! माझी छाती त्याच्यापेक्षा जास्त फुगली होती. आपल्या भागातला माणूस!

११ ऑक्टोबर

सहामाहीचे पेपर. चौसष्ट. पोरं अजून 'he go' लिहितात.

१६ ऑक्टोबर, रविवार

कलकत्त्याहून छापील अर्ज आला. नावं ३० नोव्हेंबरच्या आत. ज्याचं नाव पाठवायचं त्याला चिटणीसानं स्वतः भेटून विचारायचं, दोन प्रतिष्ठित साक्षीदारांपुढे – खेळण्याबद्दल किंवा शिकवण्याबद्दल कधी पैसे, बक्षीस, मोबदला घेतला का? घेतला असेल तर तो धंदेवाला. धंदेवाल्याला हौशींच्या सामन्यात जागा नाही, आणि एकदा धंदेवाला ठरला की पुसून निघणं महाकठीण.

मार्तंडराव म्हणाले, "इंग्रजांचे अर्ज इथे क्लबात भरून घ्या. त्या पोरासाठी मात्र त्याच्या गावी जा, दत्तोपंत. आपलं मंडळ हिंदी माणसांच्या हाती आल्यावरचा पहिला अहवाल आहे. कुणी बोट ठेवता कामा नये."

कुणी बोट ठेवणार नाही. तिथे मी आहे.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज उरकून आज सकाळच्या मोटारीनं निपाणी, तिथून बैलगाडी. वाटभर तंबाखूचा वास. डोकं अजून दुखतंय.

जिनपालचा बाप आप्पाण्णा. साठीचा, पण अजून दारातून आत आला की उजेड अडतो. दोन्ही कान तालमीत मोडलेले. सोप्यात भिंतीवर खुंट्या, त्यावर फेटे. त्याचे जुने, उडालेल्या रंगाचे, जत्रेतल्या कुस्त्यांत जिंकलेले. आणि शेवटच्या चार खुंट्यांवर नवे कोरे. बोट दाखवून म्हणाला, "ह्ये माझं. त्ये जिनपालचं." मी नीट ऐकलं नाही. अर्ज कुठे ठेवला ते पिशवीत शोधत होतो.

सूर्य मावळायच्या आत जेवायला बसवलं. मग साक्षीला गावचे पाटील आणि शाळामास्तर आले. आप्पाण्णा मुलाशेजारी मांडी घालून बसला. मी प्रश्न वाचला, मराठीत फोड करून सांगितला. "खेळाबद्दल कधी काही घेतलं आहेस का? इनाम, बक्षीस?"

जिनपालनं आधी बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "व्हय. घेतलंय की इनाम. चार डाव."

माझ्या हातातला टाकच थांबला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आणि आप्पाण्णा मांडीवर थाप मारून पाटलांना सांगतोय, "सायबाच्या हातनं घेतलंय! माझं पोरगं हाय!"

लिहिलं. काय करणार? दोघांच्या सह्या घेतल्या. गाडीपर्यंत बापलेक दोघं सोडायला आले. जिनपाल हळूच म्हणाला, "मास्तर, ह्ये लिवलंच पायजे व्हय?" मी म्हणालो, "जे बोललास तेच लिहिलंय, त्यात माझा शब्द नाही." आणखी काही बोलेल असं वाटलं होतं, पण बाप जवळ आला, तसा तो बैलांकडे वळला.

एवढा चांगला खेळाडू! चिडलो आहे. कुणावर ते कळत नाही.

२९ ऑक्टोबर

अहवाल पाठवला. दुपारभर बसून लिहिला. 'इनाम' याला इंग्रजीत काय लिहावं यावर बराच विचार केला. शेवटी 'चार वेळा रोख बक्षीस घेतल्याचं स्वमुखानं कबूल केलं' असं केलं. वाक्य सुरेख झालं आहे. मार्तंडराव दोनदा वाचून म्हणाले, "वा! हायकोर्टात चालेल."

१२ नोव्हेंबर, शनिवार

कलकत्त्याचं उत्तर. जिनपालचं नाव हौशींतून काढून धंदेवाल्यांच्या यादीत घातलं. यादी छापून देशातल्या सगळ्या क्लबांना रवाना. खाली आमची स्तुती – बेळगाव मंडळानं आपल्याच भागातल्या उत्तम खेळाडूची गय केली नाही, अशाच मंडळांच्या शब्दावर आम्ही पूर्णपणे विसंबून असतो.

मार्तंडरावांनी पेढे मागवले. एक खाल्ला. गोड लागला नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, लागला.

१३ नोव्हेंबर, रविवार

वासंतीला पत्र वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाप कुठे होता?"

"कुठे म्हणजे? शेजारी बसला होता."

"पैलवान बाप शेजारी बसलाय आणि तुम्ही मुलाला विचारलंत, इनाम घेतलंस का म्हणून?" सोललेली पाकळी तिच्या हातातच राहिली. ती चिकोडीची. तिच्या माहेरासमोर तालीम होती. म्हणाली, "अहो, त्या घरात इनाम नाही घेतलं म्हणणं म्हणजे हरलो म्हणणं. तो दुसरं काय सांगणार होता? जत्रेतून मोकळ्या डोक्यानं घरी आला तर बाप ताटावर बोलत नाही, असली घरं ती."

मी म्हटलं, चार नवे फेटे मी डोळ्यांनी बघितले. ती म्हणाली, "साहेब फेटा बांधतो होय?"

उठून बाहेर गेलो. टिळकवाडीपर्यंत चालत गेलो आणि आलो. साहेब फेटा कशाला देईल? दिला तर दिला, पण रोख कुठून आली? तो इनाम म्हणाला होता. रोख हा शब्द माझा. 'त्यात माझा शब्द नाही' असं मीच त्याला सांगितलं होतं!

१४ नोव्हेंबर

तंबाखूच्या साहेबाला पत्र टाकलं. सरळ विचारलं, तुम्ही या मुलाला काही दिलंत का?

१६ नोव्हेंबर

उत्तर नाही. वर्गात विनाकारण एका मुलाला उभं केलं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आलं. चार ओळी. 'मी जिनपालला आजवर काही दिलं नाही. एक रुमालही नाही. दरवर्षी तोच मला गुळाची ढेप आणून देतो. आपण हे का विचारता?'

का विचारता! ऑक्टोबरात विचारायचं होतं. एका पत्राचं काम होतं, दत्तोपंत.

२० नोव्हेंबर, रविवार

जिनपालला बोलावून घेतलं होतं. आला. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याजवळ बसला. वासंतीनं लाडू दिले. साहेबाचं पत्र वाचून दाखवलं, तशी त्यानं मान खाली घातली.

"फेटे कुठले?"

"निपाणीतनं घेतलं. मीच." मग एकदम बोलायला लागला. "खांदा निसटला तवा तालीम सुटली, मास्तर. आप्पा वरीसभर बोलला न्हाय. मग ह्यो सायबाचा खेळ घावला. लई गोडी लागली. आप्पा म्हणायचा, इनाम न्हाय तर ह्यो कसला रं खेळ? पोरांचा इटीदांडू. म्हून एक डाव फेटा बांधून घरला गेलतो. सायबानं दिला म्हणालो. आप्पानं गावभर फिरवलं मला."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"आप्पा बसलाता की."

"नियम ठाऊक नव्हता?"

"ठावं हुता. सायबानं सांगिटलता." लाडवाकडे बघत म्हणाला, "तुमी येकट्याला इचारशीला असं वाटलंतं."

मी साहेबाच्या पत्राची घडी घातली. मग म्हणालो, नवा जबाब दे, मी कलकत्त्याला पाठवतो. पण जबाब फिरवायचा तर साक्षीदार तेच लागतात, पाटील आणि शाळामास्तर. म्हणजे दुपारपर्यंत आप्पाण्णाच्या कानावर जाणार. जिनपालनं मान हलवली. "न्हाय. ऱ्हाऊ द्या, मास्तर. माझं कलकत्त्यापाय त्येचं नाक कापू व्हय?"

गेला. लाडू तसेच ठेवून गेला. वासंतीनं रात्री ताट वाढलं, आग्रह केला नाही.

२२ नोव्हेंबर

मार्तंडरावांकडे गेलो. सगळं सांगितलं, 'रोख'सुद्धा. त्यांनी दार लावून घेतलं.

"दत्तोपंत, पहिलाच अहवाल आणि तो परत घ्यायचा? उद्या आपण कुणाला हौशी म्हटलं तरी कलकत्ता विचारणार, नक्की का? पुन्हा इंग्रज चिटणीस बसवतील."

"पण तो चुकीचा आहे."

"त्याच्या तोंडचा आहे. तो स्वतः बदलायला तयार नाही. तुम्ही कोण बदलणार?"

वकील माणूस. उत्तर घरी आल्यावर सुचलं. त्याच्या तोंडचा एकच शब्द त्या कागदावर आहे, आणि तोही मी नीट आणला नाही.

२४ नोव्हेंबर

मन लागत नाही. मंडळाचंही खरं आहे. आमचा शब्द गेला तर पुढच्या दहा जिनपालांना कोण दाखला देणार? पण या एकाचं काय?

२५ नोव्हेंबर

पाच दिवस उरले.

२६ नोव्हेंबर, शनिवार

लिहिलं! मार्तंडरावांना न विचारता. जबाब जिनपालनं बदलायचा नाही तर नाही, पण चौकशी माझी होती आणि ती मी चुकीची केली हे सांगायला मला कुणाची साक्ष लागत नाही. तीन मुद्दे मांडले. खेळाडूला एकट्याला न विचारता बापासमोर विचारलं. आमच्याकडे इनाम म्हणजे मान, त्याचं भाषांतर मी रोख पैसे असं केलं. आणि देणाऱ्याला विचारल्याशिवाय अहवाल धाडला. साहेबाचं पत्र जोडलं. दोष मंडळाचा नाही, चिटणीसाचा आहे, सोबत राजीनामा.

इतकं वाईट इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. वाक्यं तुटक, एक शब्द खोडलेला. तसंच रजिस्टर केलं. मुदतीआधी पोचेलच असं नाही, म्हणून तारही केली – बेळगावचा अहवाल चुकीचा, नाव राखून ठेवा, पत्र येत आहे.

तारमास्तर म्हणाला, घरी सगळं ठीक ना? वासंतीनं आज वाढताना दोनदा आग्रह केला.

३० नोव्हेंबर

मार्तंडरावांना कळलं. क्लबात सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तरांना स्वतःचे पेपर स्वतःच तपासायची सवय." लोक हसले. हसू देत.

८ डिसेंबर, गुरुवार

कलकत्ता! शाळेतच शिपायानं आणून दिलं. मधल्या सुट्टीपर्यंत उघडलं नाही, धीर नव्हता.

मान्य! जिनपालचं नाव हौशींत परत घेतलं. २७ तारखेच्या सामन्यांत जागा दिली. राजीनामा नामंजूर. पुढे लिहितात – चूक न करणारं मंडळ आम्हाला अजून सापडलेलं नाही, चूक कळवणारं हे पहिलंच. यापुढे जबाब एकांतात घ्यावेत असा नियमच सगळ्या विभागांसाठी करत आहोत.

शिक्षकांच्या खोलीत एकटाच होतो. डोळे भरून आले. मग मार्तंडरावांकडे जाऊन पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "नशीबवान आहात," म्हणाले. मग स्वतःच विचारलं, "पोराच्या तिकिटाचं काय? मी बघतो."

जिनपालला आजच पत्र टाकलं. आप्पाण्णासमोर वाचलं तरी चालेल असं लिहिलं – फक्त 'कलकत्त्याचं बोलावणं आलं आहे' एवढंच. वासंतीनं शिरा केला.

११ डिसेंबर, रविवार

उत्तर नाही. परवा रात्रीच्या गाडीला जागा मिळेल, मार्तंडरावांचा निरोप. वासंती म्हणते, वहाणांवर थंडी बाधेल, बूट घेऊन द्या.

१३ डिसेंबर, मंगळवार

जिनपालचं कार्ड आलं. निपाणीचं नाही, दूर निलगिरीतल्या एका क्लबाचं. 'मास्तरांस नमस्कार. त्या छापील यादीत माझं नाव बघून हितल्या सायबानं बोलवून घेतलं. खेळ शिकवायला ठेवलंय. एक तारखेपासून लागलो. तुमचा कागूद नसता तर मला कोण वळखत हुतं? पयला पगार उचल म्हणून मागून आप्पाला धाडला. आप्पा समद्या गावाला मनिऑर्डर दाखवत फिरतोय.'

आता कलकत्त्याला कळवायला हवं. वाक्य तेच घालावं लागेल, रोख घेतल्याचं. या वेळी ते खरं आहे.